कंपनीचा वाटा

शिरवेळच्या रापणीत एक नियम होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडावा कसा हेही कुणाला सुचलं नव्हतं. दोराला हात लावील त्याला वाटा. होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं रापणीचं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढून आणायला अख्खं गाव लागतं. म्हणून गावातला असो की परगावचा, शहाणा असो की खुळा, जो टाचा वाळूत रुतवून दोर ओढील त्याच्या नावाने मासळीचा एक ढीग वाळूवर पडे. एकदा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस गंमत म्हणून दोन हात ओढून गेला, तर त्याला घरी पोचल्यावर स्कूटरच्या डिकीत बांगडे सापडले.

नियमाची दुसरी बाजूही तितकीच पक्की होती. हात नाही तर वाटा नाही. रापणीचा म्होरक्या विसू तोरसकर, ज्याला सगळे विसू तांडेल म्हणत, त्याची बायको बाळंतपणाने अंथरुणाला खिळली होती तेव्हा लोक म्हणाले, तिच्याही नावाचा एक ढीग घाल. विसूने घातला नाही. आपल्याच वाट्यातले मासे त्याने तिला नेऊन दिले. त्या बाळंतपणात झालेली मुलगी म्हणजे वृंदा. तिलाही त्याने कधी दोराला हात लावू दिला नाही. "तुझो हात पुस्तकाचो," तो म्हणे. वृंदाला लहानपणी याचा राग येई. सगळ्या पोरांचे ढीग वाळूवर असत, तिचा नसे.

वृंदा पुण्याला जाऊन जीवाणूशास्त्र शिकली, तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागली आणि समुद्र दर वर्षी शिरवेळचा किनारा थोडा थोडा खाऊ लागला. आधी केवड्याचं बन गेलं, मग माडांची पहिली रांग. पावसाळा संपला की वाळू परत येते हा पूर्वजांचा हिशेब चुकू लागला. समुद्राची पातळीच चढली होती. नेलेली वाळू तो आता परत करत नव्हता. दगडी बंधारे घालून पाहिले. बंधारे राहिले, वाळू त्यांच्यापुढून निघून गेली.

वृंदाने जे केलं ते सांगायला तसं सोपं आहे. शिंपला, पोवळं, अंड्याचं कवच ही सगळी चुन्याची बनलेली असतात. काही जीवाणू असे आहेत की ते युरिया खातात, आणि तो पचवताना त्यांच्या भोवतालच्या पाण्याचा गुण बदलतो. मग त्या पाण्यातलं कॅल्शियम विरघळलेलं राहू शकत नाही. चुन्याचे बारीक स्फटिक होऊन ते बाहेर पडतं, आणि वाळूच्या दोन कणांच्या मध्ये पडलं तर त्या कणांना धरून ठेवतं. निसर्ग वाळूचा दगड करायला युगं घेतो. हे जीवाणू काही आठवडे घेतात. एवढं जगाला आधीच ठाऊक होतं. अडचण अशी की खऱ्या समुद्रात लाटा तो सांधा फोडतात, आणि एकदा फुटला की फुटला. वृंदाने आपल्या जीवाणूला समुद्राच्याच पाण्यातलं कॅल्शियम घ्यायला शिकवलं. शिवाय सांधा तयार झाला की जीवाणू त्यातच बीजाणू होऊन झोपून राहत. तडा गेला, खारं पाणी आत शिरलं, की जागे होऊन तो तडा भरून काढत आणि पुन्हा झोपत. वर्षातून एकदा त्यांना खाद्य शिंपडायचं, बस. ती वाळू पायाला नानखटाईसारखी लागे. वरून भुसभुशीत, आतून धरलेली.

आणखी एक गोष्ट तिने केली. नवा जीव मोकळ्या समुद्रात सोडायचा तर तो कुठवर पोचला हे कळलं पाहिजे, म्हणून त्याच्या जनुकांमध्ये तिने एक खूण घातली. वाळूची चिमूट तपासली की ती आपली की नाही ते सांगता येई. कुणी मागितलेलं नव्हतं. प्रामाणिक संशोधकाने करावं म्हणून तिने केलं.

संशोधनामागे एक कंपनी होती. प्रयोगासाठी किनारा हवा होता, वृंदाने आपलं गाव सुचवलं. देवाला कौल लावला, उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. फवारणीला गडी कंपनी आणणार होती, पण विसू म्हणाला, वाळू आमची, हातही आमचेच लागू देत. सगळं गाव पाठीवर टाक्या बांधून किनाऱ्यावर उतरलं. पुढचा पावसाळा जोराचा झाला. तो ओसरल्यावर लोक भीत भीत खाली गेले, तर किनारा होता तिथेच होता.

त्या हंगामातली पहिली रापण लागली तेव्हा वृंदा किनाऱ्यावर उभी होती. ढीग घालून झाल्यावर विसूने माडाच्या बाजूला एक वेगळा ढीग घातला, त्यावर चांगली हातभर सुरमई ठेवली.

"हो कोणाचो?" बाळा कुबलाने विचारलं. बाळा दोरावर विसूच्या मागचा गडी, तोंडाने फाटका.

"कंपनीचो."

"कंपनी खंय दोराक होती? माका तर दिसाक नाय. का पाण्याखालसून ओढी होती?"

लोक हसले. विसूही हसला. "वाळू ऱ्हवली म्हणान तू हंय उभो आसस मा? जेणा वाळूक हात लावलो, तेणा दोराक लावलो. ह्यो वाटो दर रापणीक निघतलो."

टोपली टेकडीवरच्या कंपनीच्या रेस्टहाउसात गेली. वृंदा तिथेच उतरली होती आणि कंपनीचा प्रकल्पप्रमुख इंद्रनील सबनीसही. सबनीसने टोपलीसोबत फोटो काढून घेतला. रात्री सुरमईचा तुकडा तोंडात घालताना वृंदाला वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी आपल्या नावाचा ढीग घातला. नाव कंपनीचं होतं, पण तिने तो आपला मानला.

काही वर्षं अशीच चांगली गेली. वृंदा प्रकल्पाच्या कामासाठी रेस्टहाउसातच राही. दर रापणीला टोपली टेकडी चढत राहिली.

धरलेल्या वाळूची एक खोड मात्र होती. तिच्यात टाच रुतत नसे. टाच रुतल्याशिवाय दोर ओढता येत नाही. माणूस पुढे घसरत जातो, जाळं मागे राहतं. म्हणून ओढणारे पहारीने वाळूत टाचेपुरत्या खाचा करून घेत. खाचा आठवड्याभरात आपोआप भरून येत, तेव्हा कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

एका डिसेंबरात सबनीसने वृंदाला बोलावून घेतलं. टेबलावर किनाऱ्याचा नकाशा होता आणि त्यावर माडांच्या रांगेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंत निळे चौकोन.

"पाहुण्यांसाठी कॉटेजेस आहेत," तो म्हणाला. "पर्यावरणाला धक्का न लावता. तुम्हाला आवडेल."

"किनाऱ्यावर? किनारा सगळ्यांचा असतो, सबनीस."

"नैसर्गिक किनारा सगळ्यांचा असतो." तो अगदी सौम्यपणे बोलत होता. "हे बांधकाम आहे, मॅडम. जिवंत बांधकाम. कायदा दोन वर्षांपूर्वीच बदलला. समुद्रात जो बांधील आणि सांभाळील, त्याचं. आमची वाळू कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आम्हाला चिमटीनिशी दाखवता येतं. ती सोय तुम्हीच करून ठेवलीत."

वृंदा नकाशावरचे निळे चौकोन मोजत राहिली.

"आणि तुमच्या वडिलांना सांगा, पहारी मारणं थांबवा म्हणावं. मालमत्तेचं नुकसान होतंय. नोटीस पाठवावी लागली, मला बरं नाही वाटलं."

नोटीस आली त्या दुपारी वृंदा घरी गेली. विसू पडवीत जाळ्याची भोकं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"टाचेन वाळूचा नुसकान होता म्हणे," तो म्हणाला. "आजवर टाचेचाच नुसकान झाला."

"बाबा, माझा चुकला."

"तुझा काय चुकला? तू वाळू राखलंस." जाळं पुढे सरकवत त्याने विचारलं, "ती परत सुटी करूक येता?"

"येता. आंबट पाणी शिंपडला की चुनो विरघळता. एका हंगामात सगळी सुटी."

"मग?"

"मग दोन पावसाळे. नंतर समुद्र ह्या पडवीत."

विसूने दोरा दाताने तोडला. "ह्या कोणाक सांगा नको. बाळाक तर नकोच. तो आजच शिंपडीत."

गावाने लवादाकडे दावा लावला. वकील होत्या पेडणेकरबाई, तालुक्याच्याच, उंच आवाजाच्या आणि हुशार. त्यांनी वृंदाला कायदा समजावला. जिवंत बांधकामाच्या मालकीला एकच अपवाद होता. एखाद्या वस्तीची जुनी वहिवाट तिथे अखंड चालू असेल, तर ती जागा कुणालाही कुंपण घालून बंद करता येत नाही. पण वहिवाट हक्काची हवी, मेहेरबानीची नको.

"म्हणजे काय?" वृंदाने विचारलं.

"म्हणजे मी तुमच्या अंगणातून रोज जाते, कुणाला न विचारता, कुणाला काही न देता. वीस वर्षांनी ती माझी वाट. पण दर वेळी जाताना तुमच्या हातात एक नारळ ठेवला, तर मी तुम्हाला मालक मानलं. मग मी शंभर वर्षं त्या वाटेने गेले तरी ती तुमच्या परवानगीनेच." बाईंनी चष्मा काढला. "ती टोपली, वृंदाताई. कंपनी म्हणणार, तो जागेचा खंड होता. दर रापणीला, न चुकता. फोटो आहेत त्यांच्याकडे."

"तो खंड नव्हता हो. तो... मान होता."

"लवादाला मान कळत नाही. मासे कळतात." बाईंनी चष्मा परत चढवला. "रेस्टहाउसात तुम्ही राहत होतात. बापाने लेकीला मासळी पाठवली, यात गैर काय? सबनीस पाहुणा म्हणून ताटावर बसला. तुम्हाला विचारतील, ती टोपली तुम्ही कंपनीची म्हणून घेतलीत की मुलगी म्हणून. एका शब्दाचं काम आहे. फक्त वडिलांना आधी सांगू नका. त्यांना खोटं जमायचं नाही."

वृंदाने बाबांना काही सांगितलं नाही.

सुनावणी तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या सभागृहात होती. गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. विसूने लग्नातला कोट घातला होता, गळ्याशी तो बसत नव्हता. बाळा कुबल मागच्या रांगेत बसून प्रत्येक फोटोवर काहीतरी पुटपुटत होता. कंपनीच्या वकिलाने एकामागून एक फोटो पडद्यावर दाखवले: टोपली, सबनीस, सुरमई, टोपली, सबनीस, पापलेट.

"सायबाचा वजन बघा कसा वाढत गेला," बाळा म्हणाला. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

मग वृंदाला बोलावलं. कंपनीच्या वकिलाने नेमका तोच प्रश्न विचारला. वृंदा अजून कंपनीच्या नोकरीत होती. आपण काय बोलतो आहोत आणि त्याचे परिणाम काय, हे तिला पुरतं माहीत होतं. तिला सुरमईची चव आठवली. लहानपणचा आपल्या नावाच्या ढिगाविना राहिलेला किनारा आठवला.

"मुलगी म्हणून," ती म्हणाली. "बाबा मला मासे पाठवत असत. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता."

पेडणेकरबाईंनी हलकेच पेन खाली ठेवलं. सबनीस पहिल्यांदाच अस्वस्थ झाला. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं आणि विचारलं, गावातर्फे आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. विचारायची पद्धत म्हणून विचारलं.

विसू तांडेल उभा राहिला.

"बाबा, बसा," वृंदा म्हणाली.

तो बसला नाही. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसवला असता.

"सायबानूं, माझी चेडू शिकलेली आसा, पण रापणीतला तेका ठाऊक नाय," तो म्हणाला. "तेणा कधी दोराक हात लावक नाय. मग तेका वाटो खंयचो? रापणीतलो मासो काढून मी घरच्या माणसाक दिलंय असतंय, तर मी चोर. ही सगळी माणसा बसली हत, तेंच्या घामाचो मासो तो." त्याने कोटाचं बटण चाचपलं. "तो वाटो कंपनीचो होतो. मी सगळ्यांसमोर बोल्लंय होतंय, आणि दर रापणीक दिलंय. एक टोपली चुकली नाय."

कंपनीच्या वकिलाने नुसते हात जोडल्यासारखे केले आणि तो खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

टेम्पोत परत जाताना विसू एका कडेला बसला होता. लोक त्याच्याशी बोलत नव्हते, पण त्याच्याविरुद्धही बोलत नव्हते. तसं बोलायला कुणाला शब्द सापडत नव्हता. शेवटी बाळाच म्हणाला, "तांडेलानूं, एक दिस चोर झाल्लास तर काय झाला असता? आमी कोण पोलिसात गेल्लंव नसतंव."

"तू माका चोर म्हटलं नसतंस," विसू म्हणाला. "पण वाटो घालताना माझ्या हाताकडे बघलं असतंस."

निकाल पंधरवड्यात लागला. शिरवेळच्या ग्रामस्थांनी दर हंगामी मासळीच्या रूपाने कंपनीला किनाऱ्याचा मोबदला दिला असून तो स्वेच्छेने दिल्याचे त्यांच्या प्रमुखाने मान्य केले आहे, असं त्यात म्हटलं होतं. वृंदाने राजीनामा दिला. नोकरीचा दिला, जीवाणूचा देता येत नव्हता. तो पुढे आणखी अकरा गावांत गेला. तिथले लोक म्हणे फार समाधानी होते. सगळीकडे समुद्र थांबला होता आणि सगळीकडे माडांच्या रांगेत फाटक लागलं होतं.

दोन वर्षांनी, एका रविवारी, वृंदा तिकीट काढून आपल्या गावच्या किनाऱ्यावर गेली. तालुक्याच्या कॉलेजात ती आता शिकवत होती. बापलेकीत भांडण असं झालं नव्हतं. ती घरी जाई, तो चहा ठेवी, दोघं हवेबद्दल बोलत. किनाऱ्याचा विषय निघत नसे.

रविवारी पाहुण्यांसाठी रापण असे. जाळं तेच होतं, होडी रंगवलेली होती. वाळूत खाचा करायला मनाई असल्यामुळे ओढणाऱ्यांना कंपनी खास तळव्यांचे बूट देई. डोक्यावर निळी टोपी घातलेला विसू तांडेल दोराच्या टोकाशी उभा राहून पाहुण्यांना हात कुठे धरायचा ते दाखवत होता. हे काम त्याने का पत्करलं, असं गावात कुणी त्याला विचारलं नाही. वापरलं नाही तर जाळं कुजतं, एवढंच तो बाळाला म्हणाला होता.

वृंदा पाहुण्यांच्या रांगेत शिरली आणि तिने दोराला हात घातला.

विसूने पाहिलं. अडवलं नाही. दोर खडबडीत आणि ओला होता. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड. बूट घालूनही पाय सरकत होते. जाळं वर येईपर्यंत तिचे तळवे सोलून निघाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि ते सरबताच्या मंडपाकडे गेले.

विसू मात्र ढीग घालायला बसला. आधी माडाच्या बाजूला कंपनीचा, मग हात लावलेल्या प्रत्येकाचा. पाहुण्यांच्या ढिगांकडे कुणी वळून पाहत नव्हतं, तरी त्याने एकही गाळला नाही. शेवटी तो वृंदासमोर आला आणि तिच्या पायाशी बांगडे ठेवले. बारकेच होते, ओंजळभर. त्याने वेचून मोठे दिले नव्हते, की बारके म्हणून बदललेही नव्हते.

"हात लावलंस," तो म्हणाला. "घे."

वृंदाने ते ओढणीत बांधले. दोघं बरोबरच फाटकाशी आली. फाटकावर बाळा कुबल होता, कंपनीच्या गणवेशात. त्याने ओढणीची गाठ पाहिली आणि तो आपल्याच पायांकडे बघू लागला.

"बाय, मासळी भायर न्हेवक देणत नाय," तो म्हणाला. "सगळी किचनात जाता. माका सांगूक बरा दिसना नाय, पण कॅमेरो आसा."

"नियम आसा?" विसूने विचारलं.

"आसा, तांडेलानूं."

"लिवलेलो?"

बाळाने मागच्या पाटीकडे बोट केलं. विसूने ती सावकाश वाचली, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून, बाहेर जाताना पिशव्या उघडून दाखवाव्यात या शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्याने वृंदाच्या हातातली ओढणी घेऊन गाठ सोडली, बांगडे ओंजळीत धरले आणि तो वाळूवरून परत गेला. माडाच्या बाजूला, कंपनीच्या ढिगावर त्याने ते एक एक करून ठेवले. त्यातला एक घरंगळून बाजूला पडला, तोही उचलून परत वर ठेवला.

रिकाम्या हातांनी तो फाटकाशी आला. बाळाने त्याला नुसतंच जा म्हणून खूण केली.

विसू गेला नाही. खांद्यावरची पिशवी त्याने खाली घेतली आणि बाळाला आत नीट दिसावं म्हणून दोन्ही हातांनी उघडून धरली.